फाटक्या कानाचा बोकड

(कार्ले गाव. बकरी ईदची सकाळ. मदार मुलाण्याच्या घरापुढचं अंगण.)

जैनबी : तोंड फिरवू नकोस, इकडं बघ. हा कान बघ. बघ म्हणते ना!

धोंडाबाई : बगितला गं बाई, बगितला. सकाळच्या पारी गळा कशापायी काढतीस? सारी आळी गोळा हुईल.

जैनबी : होऊ दे गोळा! देवीच्या पालखीच्या आदल्या दिवशी मी माझा बोकड तुझ्या गोठ्यात बांधला, तेव्हा त्याचे दोन्ही कान धड होते. पालखीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच लोणावळ्याला भावांना ईदचं आवतण द्यायला गेले. काल रात्री आले, आज उजाडता सोडायला गेले, तर हा असा. अर्धा कान लोंबतोय. कसा?

धोंडाबाई : कुत्र्यानं फाडला. वरच्या आळीचा त्यो तांबडा कुत्रा न्हाई का, त्येनं.

जैनबी : कधी?

धोंडाबाई : तू गेलीस त्येच्या दुसऱ्या दिशी. आता मी काय तुज्या बोकडापाशी राखण बसू? शेण्या कोन थापनार, तुजा भाऊ?

जैनबी : भावाचं नाव काढू नकोस. कुत्र्यानं परवा फाडला म्हणतेस, आणि खपली वाळून गळायला आलीय? गावाचे बोकड कापणाऱ्या मुलाण्याची बायको आहे मी. जनावराची जखम जुनी का नवी, ते मला कळतं. ही आईच्या पालखीच्या आधीची आहे.

धोंडाबाई : मोठी डाक्तरीन लागून गेलीस! अगं, एका शेळीच्या पोटची दोन जुळी करडं. तुज्याच शेळीची. एक तू ठेवलंस, एक मी तुज्याकडनं भातावर घेतलं, माज्या पोराच्या, गेणूच्या नवसाला. माजं पालखीच्या दिशी डोंगरावर गेलं. मागं ऱ्हायलं ते तुजं. धर दावं नि ने की घरात. सन हाय ना तुजा आज?

जैनबी : माझंच ना हे?

धोंडाबाई : तुजंच.

जैनबी : मग ह्याच्या मानेला हळद कशी? ये, जवळ ये. केस बाजूला कर. पिवळं धमक दिसतंय ना? आमच्या घरात बोकडाला हळद लावतात का गं, धोंडाबाई? कधी बघितलीस?

धोंडाबाई : वरडू नगं. गेणू निजलाय अजून.

जैनबी : गेणू निजलाय! बरं. हळू विचारते. माझा बोकड कुठंय?

धोंडाबाई : गेला. डोंगरावर. आईच्या पायरीला.

जैनबी : या अल्ला.

धोंडाबाई : आईक तरी. पालखीच्या आदल्या सांजंला त्या मुडद्या कुत्र्यानं माज्या बोकडाचा कान धरला. माज्या! नवसाच्या! हळद लावून तयार क्येला हुता. कान असा लोंबताना बगितला मी. गेणूच्या तापात मी आईम्होरं पदर पसरलावता. पोरगं उठून बसू दे, तुला बिनखोडीचा बोकड देते, म्हनले. आता खोडीचं जनावर घिऊन कुठल्या तोंडानं जाऊ? ती कोपली तर? पोराला पुन्ना ताप भरला तर? मंग शेजारच्या दाव्याला तुजा उभा हुता. तसाच काळा. तसाच मोठा.

जैनबी : म्हणून तू नेलास.

धोंडाबाई : मला वाटलं, तू काय, कापून खानारच. कान फाटका काय नि धडका काय, रश्शात काय कळतंय? तुमच्यात चालत आसंल.

जैनबी : चालत असेल! कुणी सांगितलं तुला चालतं? कुर्बानीचं जनावर लंगडं चालत नाही, आंधळं चालत नाही, कान तुटलेलं चालत नाही, शिंग मुळातनं मोडलेलं चालत नाही. वर्ष भरलेलं लागतं. बरगड्या दिसणारं रोगट आणून उभं केलं तर ती कुर्बानीच नाही. तुझ्या देवीला खोडीचं चालत नाही आणि माझ्या अल्लाला चालतं होय?

धोंडाबाई : मला काय ठावं! तुमच्यात मूर्त न्हाई, देव्हारा न्हाई, काय न्हाई. मला वाटलं, कुनाला दावायचंय?

जैनबी : म्हणजे मूर्ती नाही म्हणून बघणारा नाही, असं वाटलं तुला?

धोंडाबाई : तसं न्हवं...

जैनबी : तसंच! अगं, तुझी मूर्ती देवळात बसते. माझा सगळीकडं आहे, तुझ्या गोठ्यात पण होता. तू अंधारात माझं दावं सोडत होतीस ना, तेव्हा पण बघत होता. माझं लगीन होऊन मी ह्या गावात आले, तेव्हापासून तू ह्या भिंतीपलीकडं राहतेस. सांग, तुला आमचं काय ठाऊक आहे? शिरखुर्मा ठाऊक आहे. पोराला दीठ लागली की आमच्या ह्यांच्याकडनं फुंकर मारून न्यायची, ते ठाऊक आहे. आणि काय?

धोंडाबाई : दिसातनं पाचदा उठाबशा काडता.

जैनबी : उठाबशा! तोबा तोबा! नमाज म्हणतात त्याला. पहाटे, दुपारी, उन्हं कलल्यावर, दिवस मावळताना आणि निजायच्या आधी. हातपाय तोंड धुऊन, मक्केकडं तोंड करून उभं राहायचं, वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकायचं. मध्ये कुणी बडवा नाही, पुजारी नाही. गरिबाचं कपाळ आणि नवाबाचं कपाळ एकाच चटईवर. माझा बाप लोणावळ्याच्या मशिदीत बांग द्यायचा, ते तरी ठाऊक आहे का?

धोंडाबाई : ते ठावं हाय. म्हनून तर तू इतकी शानी.

जैनबी : कलमा काय असतो, कधी विचारलंस? अल्ला एकच, त्याला जोडीदार नाही, पोरंबाळं नाहीत, आणि महंमद त्याचे पैगंबर. एवढ्या एका बोलावर आमचं सगळं घर उभं आहे. रमजानचा महिनाभर पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत थुंकीसुद्धा जपून गिळते मी, आणि तू भर दुपारी ताकाचा तांब्या घेऊन यायचीस. घे की, कोन बगतंय, म्हणायचीस!

धोंडाबाई : मायेनंच म्हनायची.

जैनबी : माहीत आहे मायेनं म्हणायचीस! पण कधी विचारलंस का, जैनबी, का नाही पीत? मी विचारलं तुला. तुझी चतुर्थी मला ठाऊक, तुझी एकादस ठाऊक, नवरात्रात तुझ्या घरी चामड्याची वहाण घालून यायचं नाही ते ठाऊक. तुझा उपास असला की मी तुझ्या दारावरनं मसाल्याचं भांडं नेत नाही, वास नको म्हणून. आणि तुला मात्र माझ्यातलं सगळं चालतं!

धोंडाबाई : आता लय झालं हां. मी बी काय दगूड न्हाई. तुजी दोन्ही बाळतपनं कोनी केली? ह्या हातांनी. मदारभाऊ लांबच्या गावाच्या जत्रंला गेल्ते, बाहीर पावसानं थैमान मांडलंवतं, सुईन नदीपल्याड. तवा मी इचारलं का तुजा देव कंचा नि माजा कंचा?

जैनबी : म्हणून तर जळफळाट होतोय माझा! परक्या कुणी नेला असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. तू नेलास! माझ्या घराला परसात छप्पर नाही, तुझ्या गोठ्याला दार आहे, म्हणून माझं जनावर रात्री तुझ्याकडं. अमानत होती ती. अमानत कळते का? विश्वासानं दिलेली वस्तू. आमच्या पैगंबरांना, अजून पैगंबर नव्हते तेव्हापासून मक्केचे लोक अमीन म्हणायचे, म्हणजे ज्याच्याकडं काही ठेवलं तर जसंच्या तसं परत मिळतं असा माणूस. त्यांच्याशी भांडणारे लोकसुद्धा आपल्या चीजवस्तू त्यांच्याच घरी ठेवायचे. आणि तू! माझ्या हातचं पाणी तू पीत नाहीस, धोंडाबाई, पण माझा बोकड तुझ्या देवीला चालला!

धोंडाबाई : पान्याचं मधी आनू नगं. ते आमच्या घरच्या मानसांचं हाय.

जैनबी : बरं. नाही आणत. ते जाऊ दे.

धोंडाबाई : दुसरा बोकड आनून देते. मळवलीच्या बाजारातनं.

जैनबी : बाजार आज आहे?

धोंडाबाई : आज न्हाई.

जैनबी : मग? थोड्या वेळात माझे भाऊ येणार. नमाजानंतरच्या गाडीनं. मकबूलदादा तर पोरांबाळांना घेऊन येणार. तुला ठाऊक आहे तो काय म्हणतो? माझ्या लग्नापासून म्हणतो. आमच्या जैनबला मुलाण्याच्या घरी दिली, जन्मभर लोकांच्या बोकडाच्या मुंड्या खाणार. खरंच आहे ते. गावात कुणाचा बोकड कापला की मुंडी मुलाण्याची, पाय मुलाण्याचे. गाव देतं, आम्ही घेतो. लग्न झाल्यापासून ह्या घरातनं ईदला कुणाच्या दारी काही गेलं नाही. आलंच फक्त. ह्या साली पहिल्यांदा माझ्या दाव्याला माझा बोकड होता. मी पाला घालून, दाणा चारून वाढवलेला. तीन वाटे करायचे असतात. एक घराला, एक सोयऱ्यांना, एक गरिबाला. मी सगळं ठरवलं होतं. लेण्याखालच्या कातकऱ्यांना गरिबांचा वाटा. आणि भावांच्या वाट्यातनं थोडं तुला. कच्चं, तुझ्या चुलीवर तू शिजवशील म्हणून.

धोंडाबाई : मला?

जैनबी : तुला. शेजाऱ्याला द्यायचं असतं. शेजारी कुठल्या धर्माचा, ते बघायचं नसतं.

धोंडाबाई : तू असं सांगू नगं मला. त्यापरीस शिव्या दे.

जैनबी : देणारच आहे! आमच्यात हजला जायचं असतं, ऐपत असली तर. मक्केला. मला ह्या जन्मी मक्का दिसणार नाही, मला ठाऊक आहे. पण हाजी लोक आज तिकडं कुर्बानी करतात आणि आजच आम्ही इथं करतो. त्यांच्याबरोबर. मला तेवढंच जायला मिळणार होतं गं.

धोंडाबाई : जैनबी, रडू नगं.

जैनबी : मी रडत नाहीये! संतापानं डोळ्यांत पाणी येतं माझ्या, लहानपणापासनं.

धोंडाबाई : एक इचारू? ऱ्हाऊ दे. तू अंगावर येशील.

जैनबी : विचार. निदान आज तरी विचार.

धोंडाबाई : तुमी हे कापता कशापायी? आज?

जैनबी : इब्राहिम पैगंबरांना म्हातारपणी मुलगा झाला. लाडाचा. अल्लानं त्यांना सपनात सांगितलं, हाच मला दे. त्यांनी पोराला विचारलं. पोरगा म्हणाला, बाबा, हुकूम असेल तसं करा. त्यांनी पोराला आडवं केलं, मानेवर सुरी ठेवली. आणि अल्लानं पोराच्या जागी मेंढा पाठवला.

धोंडाबाई : पोराच्या जागी?

जैनबी : हो.

धोंडाबाई : मंग आमचं बी तेच की! गेणूच्या जागी बोकड!

जैनबी : तेच नाही! तू सौदा केलास. पोर उठव, बोकड घे. आमच्यात सौदा नाही. अल्लाला मांस नको, रक्त नको, त्याला काय भूक लागते? तो एवढंच बघतो, की आवडीचं असलेलं तुझ्या हातनं सुटतंय का. आणि माझ्या हातनं सुटायच्या आधी तू सोडवून नेलंस. ... हे आले. नमाज पढून आले. आता बघ.

मदार : सलाम आलेकुम. ईद मुबारक, जैनब. वयनी, तुमाला बी. लोणावळ्याला लय गर्दी हुती. काय झालं? तोंडं का अशी?

जैनबी : सुरी कशाला काढताय? ठेवा वर. कापायला काही नाही आज.

मदार : का?

जैनबी : ह्या बोकडाचा कान बघा. ह्याच्या मानेची हळद बघा. आणि मग घरामागं पालखीच्या दिवसाचं जे कातडं मीठ लावून वाळत घातलंय, ते घेऊन या. माझ्या बोकडाच्या शेपटीखाली रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. हिच्याला नव्हता. आणा ते कातडं. हिला दाखवायचंय मला.

मदार : आनायची गरज न्हाई.

जैनबी : का?

मदार : ठिपका हाय त्येच्यावर.

धोंडाबाई : भाऊ! तुमाला ठावं हुतं?

जैनबी : थांब, धोंडाबाई. तू थांब आता. पालखीच्या रात्री तुम्ही डोंगरावरनं आलात. मुंडी आणलीत, पाय आणलेत, आपला हक्क. मी मुंडी जाळावर भाजली, घासली, मसाला वाटला. तुम्ही ताटावर बसला नाहीत. पोट बिघडलंय म्हणालात.

मदार : म्हनलो.

जैनबी : पोट बिघडलं नव्हतं.

मदार : न्हवतं.

जैनबी : आणि मी तुमच्यासमोर बसून बोटं चाटून खाल्ली! माझ्याच बोकडाची मुंडी! ज्या तोंडात मी पाला घातला, ते तोंड मी... आणि तुम्ही बघत बसलात! मी म्हटलं सुद्धा, पालखीचा बोकड चांगला पोसलेला होता हो धोंडाबाईनं! म्हटलं की नाही?

मदार : म्हनलीस.

जैनबी : आणि तुमची जीभ नाही उचलली?

मदार : न्हाई उचलली.

धोंडाबाई : भाऊ, तुमी कसं वळाखलं? तिथं तर लोकांची रेटारेटी.

मदार : वयनी, मी त्येला पानी पाजलं. सुरी पाठीमागं धरली, जनावराला दिसू न्हाई म्हनून. मान धरली, तोंड पच्छिमेला क्येलं. तर त्येनं नाक माज्या कोटाच्या खिशात घातलं. बाभळीच्या शेंगा हुडकत हुता. रोज सांजंला मी त्येला शेंगा आनायचो. ह्या फाटक्या कानाच्यानं कवा माज्या खिशात तोंड घातलं न्हाई.

जैनबी : आणि तरी कापलात.

मदार : कापला. जैनब, आईक. गेणू म्होरं उभा हुता, काठीवर वजन टाकून. पाय लटलट कापत्यात पोराचे. ह्या वयनी डोळे मिटून हात जोडून. सारं गाव भवती. मी काय म्हनायला पायजे हुतं? थांबा, हे चोरीचं हाय?

जैनबी : हो! हेच म्हणायला पायजे होतं! थांबा, हे माझ्या बायकोचं आहे!

मदार : गावानं ह्यांना जगू दिलं नसतं. देवीला चोरीचा बोकड दिला म्हनून.

जैनबी : आणि मी? मला कुणी विचारलं? हिची अब्रू राखलीत. गेणूचं मन राखलंत. गावाची जत्रा राखलीत. आणि बायकोचं काय, बायको घरातलीच, तिची चीज म्हणजे आपलीच, असं ना? हिनं अंधारात नेला. तुम्ही उजेडात कापलात. हिला तरी ठाऊक नव्हतं आमच्यात काय चालतं. तुम्हाला ठाऊक होतं!

मदार : हुतं.

जैनबी : हो म्हणताय, हुतं म्हणताय. भांडा तरी!

मदार : कशावर भांडू? तुजं खरं हाय. मी मनात म्हनलो, ही कुर्बानी न्हाई. ईदची नमाज झाल्याबिगर क्येली तर ती कुर्बानी हुत न्हाई, नुसतं मटान. मंग सदका समजू. आजारी पोराच्या जिवासाठी दिल्यालं. तोंडानं बिस्मिल्ला म्हनलो. लोकं काय बी म्हनू द्यात, माज्या तोंडात सुरी चालवताना दुसरं नाव कवा आलं न्हाई, तवा बी न्हाई.

जैनबी : सदका? दुसऱ्याच्या मालावर?

मदार : त्येच माज्या मनाला खातंय. सगळं नियतवर, मनातल्या इराद्यावर असतं. नियत माजी, माल तुजा. म्हंजी सदका झालाच न्हाई. आता त्येला काय म्हनायचं, ते तुज्या हातात हाय. तू दिला म्हनलीस तर दिल्याला. न्हाई म्हनलीस तर चोरीचा. माज्याकडनं बी चोरीचा.

जैनबी : वा! आता आठवलं, माल माझा!

धोंडाबाई : जैनबी, तू दिला म्हन गं. तुज्या पाया पडते. न्हाईतर नवस खोटा ठरंल. आई म्हनंल, धोंडे, चोरून दिलंस. पोरावर यील गं ते. माज्या गेणूवर यील.

जैनबी : ऊठ. पाया पडू नकोस. आमच्यात माणसानं माणसापुढं डोकं टेकायचं नसतं, हे पण तुला ठाऊक नाही. आणि ही माफी कसली? देवीच्या भीतीनं मागतेस. माझं काय मोडलं, ते बघून मागतेस का?

धोंडाबाई : मला नीट मागता येत न्हाई. तू मोप शिकलेली. थांब, माजी चंद्री शेळी देते तुला. गेणूला तिचंच दूध पाजलं आजारपनात. बिनखोडीची हाय. दोन्ही कान हायेत, शिंगं हायेत. शेळी चालती का तुमच्यात?

मदार : शेळी चालती, वयनी.

धोंडाबाई : मंग आनते. आत्ता आनते. कापा तिला. मला कायबी वाटनार न्हाई.

जैनबी : काही वाटणार नाही? मघापासनं पदर तोंडात धरून उभी आहेस, आणि काही वाटणार नाही! अगं, गाभण आहे ती. पोट टेकलंय जमिनीला. आमच्यात व्यायला झालेल्या जनावराला सुरी लावू नये म्हणतात. पोटातलं पिल्लू काय गुन्हा करून आलंय?

धोंडाबाई : हे बी मला ठावं न्हाई बग.

जैनबी : तुला काहीच ठाऊक नाही! व्यायला आलेली शेळी घालवून बसशील, मग गेणूला काय पाजशील? माझा राग?

मदार : जैनब, कुर्बानीला अजून उद्याचा नि परवाचा दिस हाय. कुठं मिळाला तर...

जैनबी : कुठं मिळणार, आणि कशावर घेणार? उगा बोलू नका. आपली ऐपत नाही, आणि ऐपत नाही त्याच्यावर कुर्बानीचं ओझं नाही. मला ठाऊक आहे ते, बापानं शिकवलंय. मला ओझं नव्हतं वाटत ते. हौस होती माझी.

धोंडाबाई : मंग मी काय करू? ह्या फाटक्या कानाच्याचं काय करू?

जैनबी : मला काय विचारतेस? ने डोंगरावर. उजेडी ने, सगळ्यांसमोर. तुझ्या आईला सांग, कान कुत्र्यानं फाडला, मग मी काय केलं ते पण सांग. तिला चालतो का नाही, ते तिलाच विचार. कधी विचारून तर बघ कुणाला. नुसतं समजून चालू नकोस.

धोंडाबाई : नेते.

जैनबी : आणि आजपासनं माझं जनावर तुझ्या गोठ्यात बांधणार नाही. परसात कूड घालून घेईन. ह्यांच्याकडनंच घालून घेईन, आजच, ईदच्या दिवशी, उन्हात.

मदार : घालतो.

जैनबी : बोलू नका माझ्याशी.

मदार : बरं. ... जैनब, आळीच्या तोंडाला मकबूलभाय दिसतोय. पोरं पळत म्होरं आल्यात.

जैनबी : अल्ला! आता काय सांगू त्याला? विजेच्या इंजिनावर कामाला लागल्यापासनं तर त्याचं तोंड जास्तच चालतं. रेल्वेच्या सगळ्या शेडात सांगून आला असेल, आज बहिणीच्या घरी कुर्बानी म्हणून. आता म्हणेल, काय जैनब, यंदा पण मुंडीच का?

धोंडाबाई : मी सांगते त्येला.

जैनबी : काय सांगतेस?

धोंडाबाई : काय झालं ते. मी न्हेला म्हनून.

जैनबी : आळीत? एवढ्या लोकांत? डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या घरधन्याला, कोंडाजीभावजींना ठाऊक आहे का?

धोंडाबाई : त्येंना बी आत्ताच कळंल. भाऊ, सरका जरा, दारातनं जाऊ द्या मला.

मदार : वयनी, ऱ्हाऊ द्या, मी बोलतो त्येच्याशी.

धोंडाबाई : तुमी एकदा गप बसला, भाऊ, लय झालं. ... ओ मकबूलभाऊ! थांबा तितंच. आदी माजं आईका. तुमच्या भैनीनं कुर्बानीला बोकड पोसलावता. त्यो माज्या गोठ्यात इस्वासानं ठिवला. त्यो मी...

जैनबी : धोंडाबाई, आत ये.

धोंडाबाई : बोलू दे मला. त्यो मी, पालखीच्या दिशी...

जैनबी : आत ये म्हणते ना! वालेकुम सलाम, दादा. या. पोरांनो, हातपाय धुवा आधी, माठ तिकडं आहे. ... नाही दादा, बोकड नाहीये. नाही, मुंडी पण नाही. डाळभात आहे आणि शिरखुर्मा. ... हसा, खुशाल हसा. बोकड गेला. हिचा गेणू मरायला टेकला होता, त्याच्या जिवासाठी गेला. ... हो, अख्खा. नाही, वाटे नाही केले. ही काय सांगत होती, ते सोडा, घाबरट आहे ती, तिला काही ठाऊक नसतं. कुणी नेलाबिला नाही, दादा. मी दिला.